गाडी खाली आणायची, पण किती?

वाचकांचे प्रश्न : लोअरिंग स्प्रिंग आणि गाडीची पकड

प्रश्न : माझ्याकडे पहिल्या पिढीची सुबारू बीआरझेड आहे. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली मोकळी जागा डोळ्यांत खुपते. २०, ३० आणि ४५ मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग मिळतात. शॉक अब्सॉर्बर मूळचेच ठेवायचे आहेत. वळणावरची पकड न बिघडवता यांतली कोणती निवडू?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : २० ची घ्या. २५ पर्यंत गेलात तरी चालेल. ३० ची बसवायची तर मागच्या आर्मचा (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याचा) खर्च सोबत धरा. ४५ ची मूळ शॉकवर अजिबात बसवू नका.

उंचीचा आकडा बघून स्प्रिंग निवडायची नसते. गाडी खाली आल्यावर चाकाला वर जायला किती जागा उरते, ते बघायचं. उंचवट्यावरून आलेला धक्का स्प्रिंग दबून झेलते आणि तिची ही क्षमता दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, गाडी उभी असताना चाकाला वर जायला ७० मिमी जागा आहे. गाडी २० मिमी खाली आणली की ५० उरले. तोच धक्का एवढ्या अंतरात झेलायचा तर स्प्रिंग ७०/५० च्या वर्गाइतकी, म्हणजे १.९६ पट कडक हवी. ३० मिमी खाली आणली तर ४० उरतात आणि गरज तिपटीवर जाते. बाजारातल्या रस्त्यासाठीच्या लोअरिंग स्प्रिंग मात्र साधारण १५ ते ३० टक्केच जास्त कडक असतात. उरलेला भार बंप स्टॉपवर येतो.

बंप स्टॉप म्हणजे शॉकच्या दांड्यावरचा सच्छिद्र पॉलियुरेथेनचा ठोकळा. तो आधी मऊपणे दबतो, मग शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये एकदम कडक होतो. वळणात बाहेरच्या बाजूची चाकं आधीच दबलेली असतात. त्यांतलं पुढचं चाक स्टॉपवर आलं की पुढचा कडकपणा क्षणात कितीतरी वाढतो, त्या एका टायरवर भार एकवटतो आणि गाडी स्टिअरिंग वळवूनही बाहेरच्या बाजूला सरळ जाऊ लागते. मागचं चाक स्टॉपवर आलं तर मागची बाजू सुटते. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या तुमच्या गाडीत, ओल्या रस्त्यावर, हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. ‘स्प्रिंग बदलल्यावर गाडी बेभरवशाची झाली’ असं लोक सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा स्प्रिंग चांगलीच असते. गाडी स्टॉपवर चालत असते.

म्हणून ऑर्डर देण्याआधी मोजमाप करा. टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा, टाकी अर्धी ठेवा, चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवा. सपाट जागी गाडी थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्या आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. मग पुढच्या स्ट्रटवरचं (शॉक आणि स्प्रिंगच्या एकत्र खांबावरचं) धुळीपासून वाचवणारं आवरण वर सरकवून दांड्यावर एक बारीक केबल टाय बसवा. तो जरा जोर लावल्यावरच सरकेल इतपत आवळा आणि शॉकच्या नळकांड्याला टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्याने अर्धा तास गाडी फिरवून आणा. शॉक दबताना नळकांडं टायला वर ढकलतं आणि टाय तिथेच राहतो. नळकांडं ते टाय हे रस्त्याने वापरलेलं अंतर, टाय ते स्टॉपचं खालचं टोक ही शिल्लक. शिल्लक २० मिमी असेल तर २० च्या स्प्रिंगवर त्या रस्त्याच्या सर्वांत मोठ्या धक्क्याला स्टॉप जेमतेम टेकेल. कडक स्प्रिंग थोडी कमी दबेल हे खरं, पण त्या फरकावर विसंबू नका. मागेही हेच करा. तिथे शॉक चाकापेक्षा कमी हलतो, एवढं मात्र ध्यानात असू द्या. मूळ उंचीवरही टाय स्टॉपमध्ये रुतलेला दिसला तर घाबरू नका. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत स्टॉप हा सस्पेन्शनचाच भाग धरलेला असतो. अशा गाडीत ३० मिमीच्या स्प्रिंगने उभ्या गाडीलाच स्टॉप लागू शकतो.

काही उत्पादक स्टॉप किती कापायचा ते पत्रकात देतात, तेवढाच कापा. खालचं निमुळतं, मऊ टोक शाबूत ठेवायचं असतं. पत्रकात उल्लेख नसेल तर हात लावू नका आणि स्टॉप काढून तर कधीच टाकू नका. तो नसला की टायर आतल्या अस्तराला घासतो किंवा शॉकचा पिस्टन तळाशी आदळतो.

आता भूमिती. पुढच्या मॅकफर्सन रचनेत (वर स्ट्रट, खाली एकच आर्म) गाडी खाली आली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक तुलनेने वर जातं. आर्म ३५० मिमी लांब धरला तर ३० मिमीला जवळपास ५ अंशांचा फरक पडतो. गाडी वळणात ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर त्यामुळे गाडीहून वेगाने खाली जातो. उदाहरणापुरते आकडे घ्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिमी आणि रोल सेंटर ८० मिमी, म्हणजे मधलं अंतर ४२०. गाडी ३० मिमी उतरली आणि रोल सेंटर ६० मिमी उतरला, तर ४७० आणि २०, अंतर ४५०. गाडी खाली येऊनही तिला कलवणारी तरफ लांबली. वाढीव कडकपणातले पहिले सात टक्के नुसती बरोबरी करण्यात गेले. उलट बाजूचा खरा फायदा असा, की वळणात बाहेरच्या टायरांकडे सरकणारं एकूण वजन सहा टक्क्यांनी कमी झालं. २० मिमीला हाच फायदा चार टक्के. पुढच्या १० मिमीतून मिळणाऱ्या दोन टक्क्यांसाठी एवढं गमावण्यात अर्थ नाही. स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या टाय रॉडचा कोनही याच वेळी बदलतो. तो आर्मशी जुळेनासा झाला की खडबडीत रस्त्यावर चाकाचा टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळल्याचं माप) आपोआप बदलतो आणि स्टिअरिंग हातात वळवळतं. उंच केलेले बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यावर मिळतात, पण २० मिमीला त्यांची गरज सहसा पडत नाही.

बीआरझेडमध्ये खरी गोम मागे आहे. गाडी खाली आणली की मागच्या चाकांचा ऋण कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आतल्या बाजूचा कल) पुढच्यापेक्षा जास्त वाढतो. मागे कारखान्यातून फक्त टो जुळवता येतो, कॅम्बर नाही. साधारण २५ मिमीला मागे उणे २ अंशांच्या आसपास आकडा येतो आणि पुढे तो अर्ध्या अंशापर्यंतच सरकतो. परिणामी मागची पकड वाढते, पुढची तशीच राहते आणि गाडी आधीपेक्षा कमी वळते. उपाय दोन. पुढच्या स्ट्रटला कॅम्बर बोल्ट लावून उणे १.५ अंशांपर्यंत आणा. किंवा मागे लांबी बदलता येणारे लोअर आर्म घालून उणे १.५ वर या. २० मिमीला पहिला उपाय पुरतो.

आणखी एक बाब. पहिल्या पिढीत सुबारूने टोयोटाच्या जुळ्या गाडीपेक्षा पुढची स्प्रिंग कडक आणि मागची मऊ ठेवली होती. बरेच संच मात्र दोन्ही गाड्यांना एकाच पार्ट नंबरचे येतात, त्यामुळे तुमच्या गाडीचा पुढचा-मागचा तोल मूळपेक्षा वेगळा होईल. विकणाऱ्याकडून पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मिमीमध्ये मागून घ्या. कुणी किलो प्रति मिमीमध्ये दिला तर ९.८१ ने गुणा. आकडा द्यायला जो तयार नाही त्याची स्प्रिंग घेऊ नका.

मूळ शॉकबद्दल : स्प्रिंग ३० टक्के कडक झाली की तेवढाच ताबा ठेवायला शॉकचा अवरोध १.३ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १४ टक्के जास्त लागतो. धडधाकट शॉक हे निभावून नेतो. तेल झिरपत असेल किंवा धक्क्यानंतर गाडी दोनदा हेलकावत असेल तर आधी शॉक बदला. बिलस्टाइनच्या शॉकची बी८ मालिका खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड केलेली असते, बी६ मूळ लांबीची असते. २० मिमीसाठी दोन्ही चालतील, ३० ला बी८.

प्रश्न : इथल्या गॅरेजमध्ये स्प्रिंगचं एक वेटोळं कापून गाडी खाली बसवून देतात. नव्या संचाच्या दहाव्या हिश्शात काम होतं. यात धोका काय?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी गणित बघू, कारण गॅरेजवाले म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. स्प्रिंगचा कडकपणा वायरच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात, वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. १२ मिमी वायर, १२० मिमी सरासरी व्यास आणि सहा वेटोळी असतील तर कडकपणा सुमारे २० न्यूटन प्रति मिमी येतो. एक वेटोळं गेलं की पाच उरतात आणि आकडा २४ होतो. मोकळी लांबी ३३० मिमी आणि चाकावरचा भार ३,००० न्यूटन धरा. मूळ स्प्रिंग १५० मिमी दबून १८० वर थांबते. कापलेली २७५ मिमीची स्प्रिंग १२५ दबून १५० वर थांबते. गाडी ३० मिमी खाली आली, स्प्रिंग २० टक्के कडक झाली. कागदावर हे लोअरिंग स्प्रिंगसारखंच दिसतं.

घात टोकाशी होतो. मूळ स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं चपटं बसवलेलं किंवा आत वळवलेलं असतं आणि कपात, म्हणजे स्प्रिंग जिथे टेकते त्या बैठकीत, नीट बसतं. कापलेलं टोक चढतं असतं. ते कपात एका बिंदूवर टेकतं, रंग खरवडतं, तिथे गंज धरतो आणि तडा त्याच जागेपासून सुरू होतो. गॅस कटरने कापली तर उष्णतेने त्या भागाचं पाणी उतरतं आणि महिन्या-दोन महिन्यांत गाडी एका बाजूला बसते. तापवून स्प्रिंग खाली बसवण्याचा प्रकार याहून वाईट. त्यात पूर्ण वेटोळी निकामी होतात आणि चारही कोपरे चार उंचींवर येतात.

शिवाय हाव सुटते. वरच्या उदाहरणातल्याच स्प्रिंगची दीड वेटोळी कापली तर मोकळी लांबी २४७ मिमी उरते. चाक हवेत लोंबकळताना शॉक मूळ उंचीपासून ८० मिमी उघडत असेल तर दोन कपांमध्ये २६० मिमी अंतर पडतं. स्प्रिंग १३ मिमी मोकळी सुटली. मोठ्या खड्ड्यावरून गाडी उडाली की ती कपातून सरकते आणि परत बसताना कुठे बसेल याचा नेम नाही. जॅक लावून चाक लटकवल्यावर स्प्रिंग हाताने फिरली तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका.

प्रश्न : स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. शनिवार-रविवारी चौघं सामानासह महाबळेश्वरला जातो. २५ मिमीची स्प्रिंग टाकली तर गतिरोधकांचं काय? आणि कायद्याची अडचण येईल का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. तुमच्या गाडीच्या दोन आसांमधलं अंतर साधारण २.७ मीटर. दोन्ही चाकं अशा उंचवट्यावर असताना मधली कमान साडेपाच सेंटिमीटरच उठते. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर खाली आणलेली गाडीही घासत नाही. घासते ती सोसायटीच्या फाटकासमोरच्या फूटभर रुंद आणि १५ सेंमी उंच सिमेंटच्या वरंब्यावर, कारण तिथे पुढची चाकं उतरलेली असतात, मागची चढलेली नसतात आणि पूर्ण १५ सेंमी पोटाखाली येतात. तुमच्या रोजच्या वाटेवरचे असे वरंबे मोजा. मधल्या भागाखाली जमिनीपासून सर्वांत खालचा भाग किती उंच आहे तेही चौघं बसलेले असताना मोजा. त्यातून २५ वजा करा. उत्तर तुमच्या हातात येईल.

चौघं आणि सामान हा मुद्दा आम्हाला गतिरोधकाहून मोठा वाटतो. भरलेली गाडी मागे आधीच दबलेली असते आणि घाटातल्या वळणात, उतारावर, मागचा स्टॉप लागणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून तुम्हाला १५ ते २० मिमीच सुचवू, आणि मागच्या बाजूचा केबल टाय भरलेल्या गाडीत लावून बघा. जर्मन संचांसोबत येणाऱ्या चाचणी पत्रकात पुढच्या आणि मागच्या आसावर जास्तीत जास्त किती किलो भार चालतो ते दिलेलं असतं. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल, हलक्या आणि जड आवृत्त्यांना वेगळे पार्ट नंबर असतात. भार बघूनच नंबर निवडा. हलक्या इंजिनाची स्प्रिंग जड गाडीत गेली की ‘२५ मिमी’चे ३५ होतात.

गाडीला उंची ओळखून आपोआप जुळणारे दिवे असतील तर सेन्सर निदान यंत्राला जोडून शून्य स्थिती पुन्हा शिकवावी लागते, नाहीतर दिव्यांचा झोत चुकीच्या उंचीवर जातो. विंडशील्डवर कॅमेरा असलेल्या गाड्यांत त्याचंही कॅलिब्रेशन तपासा.

कायद्याचं : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. बसवण्याआधी आरटीओकडे विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

प्रश्न : प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग घ्यावी की लिनिअर?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : उपयोग फक्त रस्त्यावर असेल तर सौम्य प्रोग्रेसिव्ह (दबत जाईल तशी कडक होणारी), ट्रॅकवर जाणार असाल तर लिनिअर (शेवटपर्यंत सारखीच कडक). बऱ्याच ‘प्रोग्रेसिव्ह’ स्प्रिंगमध्ये दोन-तीन जवळजवळची मऊ वेटोळी गाडीच्या वजनानेच एकमेकांना टेकतात. ती चाक लटकताना स्प्रिंग कपात धरून ठेवायला असतात. चालताना स्प्रिंग लिनिअरच वागते. ही चांगली रचना आहे. गाडी उभी असतानाही मऊ वेटोळी उघडी दिसली तर मात्र वळणात ती मध्येच बंद होतात, कडकपणा बदलतो आणि शॉक दोन्ही अवस्थांना पुरा पडत नाही.

प्रश्न : नामांकित कंपनीच्या स्प्रिंग बसवल्या. गतिरोधकावर टक-टक आवाज येतो, गाडी डावीकडे ओढते आणि दोन्ही बाजूंच्या उंचीत ८ मिमीचा फरक आहे.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा बसवण्याच्या पद्धतीत आहे. आर्मच्या सांध्यातले रबरी बुश आतून-बाहेरून धातूला चिकटवलेले असतात. गाडी लिफ्टवर असताना, चाकं लटकत असताना बोल्ट घट्ट केले, तर गाडी खाली ठेवल्यावर सगळे बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात. ते स्वतःच स्प्रिंगसारखे ताण देतात, उंची चुकते आणि रबर लवकर फाटतं. आर्मचे सगळे बोल्ट अर्धा फेरा सैल करा, गाडी चाकांवर उभी करून पुढे-मागे ढकला, सस्पेन्शन दाबून सोडा आणि मगच टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्यावर आवळा. यासाठी चार खांबी लिफ्ट किंवा खड्डा असलेलं गॅरेज गाठा. ८ चा फरक बराचसा इथेच संपेल. आधी मूळ उंचीचं मोजमाप घेतलं असतं तर दोन-चार मिलिमीटर कारखान्यातूनच होते का, हेही कळलं असतं.

आवाजासाठी क्रमाने बघा : स्प्रिंगचं टोक कपाच्या खाचेला टेकलंय का; वरचं-खालचं रबरी पॅड परत घातलंय का; स्प्रिंग उलटी बसली नाही ना (त्यावरचा छापील मजकूर सहसा सरळ वाचता यायला हवा); स्ट्रटच्या माथ्याचा नट पुरता आवळला आहे का. स्टिअरिंग जागेवर फिरवताना ‘टंग’ असा आवाज आला तर माथ्याचं बेअरिंग अडतंय. स्प्रिंग बदलताना हे बेअरिंग आणि माउंट नवं घालणं शहाणपणाचं, कारण नंतर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. शेवटी लिंक रॉड (गाडीचा कल रोखणाऱ्या बारला जोडणारे दांडे) तपासा.

हे काम घरी करू पाहणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबून ती दोन्ही कपांपासून मोकळी झाल्याशिवाय माथ्याचा मधला नट सोडू नका. कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर लावा, आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, इम्पॅक्ट गन वापरू नका, आणि स्प्रिंगच्या रेषेत तोंड आणू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो.

ओढण्याबद्दल : वरचं काम होईपर्यंत अलाइनमेंट करू नका. नंतर ३०० ते ५०० किमी चालवा, स्प्रिंग काही मिलिमीटर बसू द्या आणि मग चारही चाकांची करा. छापील अहवाल घ्या आणि त्यात डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नाही ना ते बघा.

प्रश्न : पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. पंचवीस मिमी खाली आणायची आहे. अलाइनमेंटचे आकडे सांगाल का?
(एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : तुमच्या गाडीला चारही कोपऱ्यांत डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मची रचना) आहे, त्यामुळे मॅकफर्सनवाल्या अडचणी कमी. शिवाय पुढे-मागे विकेंद्री बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) असल्याने जादा भाग न घालता कॅम्बर आणि टो जुळतात. रस्त्यासाठी पुढे कॅम्बर उणे १ ते १.३ अंश, मागे उणे १.५, कॅस्टर (चाक वळतं त्या आसाचा मागच्या बाजूचा कल) दोन्ही बाजूंना सारखा ठेवून मिळेल तितका जास्त, पुढचा टो शून्य, मागे एकूण २ ते ३ मिमी टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली). चालकाच्या सीटवर वजन ठेवूनच जुळवा. एवढ्या हलक्या गाडीत त्याने आकडे बदलतात. हे बोल्ट जुन्या गाड्यांत बुशच्या नळीला गंजून चिकटलेले असतात. आठवडाभर आधीपासून भेदक तेल मारत राहा आणि नवे बोल्ट हाताशी ठेवूनच अलाइनमेंटची वेळ घ्या.

कमतरता आहे ती जागेची. या गाडीत स्टॉपपर्यंतचं अंतर मुळातच थोडं आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हीएसबी १४ या बदलविषयक संहितेत सस्पेन्शनच्या मूळ प्रवासाचा दोन तृतीयांश भाग दोन्ही दिशांना शिल्लक राहिला पाहिजे अशी अट आहे. मूळ बंप प्रवास, म्हणजे चाकाला वर जायला असलेलं अंतर, ६० मिमी भरला तर २० च्या पुढे जाता येणार नाही. २५ साठी तो किमान ७५ हवा. आधी तो मोजा, मग तुमच्या राज्यातल्या मान्यताप्राप्त अभियंत्याला आकडा दाखवून स्प्रिंग मागवा.